कान मागणारा आवाज

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या टोकाला, पसायदान मागून झाल्यावर, मोजक्या ओव्यांत ग्रंथाचा ठावठिकाणा सांगितला आहे. कलियुग, महाराष्ट्र मंडळ, गोदावरीचा परिसर, श्रीमहालयेचं म्हणजे नेवाशाच्या मोहिनीराजाचं पंचक्रोश क्षेत्र, यादवांचा राजा रामचंद्र, शके १२१२. सगळ्यात शेवटी दोन नावं येतात. टीका करणारे ज्ञानेश्वर आणि ती आदराने उतरवून घेणारे सच्चिदानंदबाबा. इसवी सन १२९० मध्ये प्रवरेच्या काठी काय घडलं, ते या दोन नावांत आलं. एक जण बोलत होता, एक जण लिहीत होता आणि भोवती माणसं ऐकत बसली होती.

या ऐकणाऱ्या मंडळींकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. ज्ञानेश्वरीवर लिहिणारे बहुतेक जण तिच्यातलं अद्वैत, योग, भक्ती आणि उपमा यांवर लिहितात. वक्ता श्रोत्यांना उद्देशून जे बोलतो ते प्रस्तावनेच्या कोपऱ्यात जातं. ‘सार’ काढलेल्या आवृत्त्यांत तर पहिली कात्री याच ओव्यांवर चालते. विनवण्या, लाडीगोडी, विषय लांबल्याची कबुली, श्रोत्यांनी मधेच टोकणं, त्यावर वक्त्याने सावरून घेणं. गीतेचा अर्थच सांगायचा तर हे सगळं गाळून भागतं. मला मात्र ज्ञानेश्वरी पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटते ती या गाळलेल्या भागासाठी. माणसाच्या आवाजाकडून काय काय करवून घेता येतं, याचा इतका मोठा नमुना मराठीत दुसरा नाही. आणि तो नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) घडला, याचा नगरकरांनी थोडा तोरा मिरवायलाही हरकत नाही.

तो आवाज कसा असेल? परंपरेने मानलेला जन्मशक ११९७ धरला तर वक्ता पंधरा वर्षांचा होता. ११९३ मानणाऱ्यांच्या हिशेबाने एकोणीस. पंधरा म्हणजे मुलाचा आवाज फुटण्याचं वय. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. उतरताना मधेच घसरतो, किरटा होतो, पोरं वर्गात उत्तर द्यायला लाजतात. आपल्या कानात बसलेला माउलींचा धीरगंभीर, ठाय लयीतला आवाज पुढच्या पिढ्यांच्या श्रद्धेने घडवलेला आहे. प्रभातच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये तो शाहू मोडकांचा होता. मोडक जन्माने नगरचे, मराठी ख्रिस्ती घरातले. नगरच्या एका ख्रिस्ती घरातला मुलगा कित्येक प्रेक्षकांसाठी ज्ञानेश्वरांचा चेहरा आणि आवाज होऊन बसला, ही गोष्ट मला त्या चित्रपटाइतकीच आवडते. पण शके १२१२ मध्ये तिथे कदाचित नुकताच फुटलेला, अजून पुरता न बसलेला आवाज होता. एवढं मनात धरलं की ग्रंथातल्या विनवण्या वेगळ्या ऐकू येतात.

आवाजाची खूण आधी ओवीच्या बांधणीतच सापडते. अक्षरांची मोजदाद काटेकोर नाही. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड आणि यमकाविना. कागदावर हे छंदशास्त्र वाटतं, तोंडाने म्हटलं की लगेच कळतं की हे श्वासाचं गणित आहे. तीन चरणांत आवाज चढत जातो, यमक त्याला वर ढकलतं आणि चौथ्यात तो खाली टेकतो. तिथेच दम घ्यायचा. जात्यावरच्या बायकांनीही ओवीला आपलं म्हटलं ते उगाच नव्हे. दळताना हाताला आणि छातीला जी विश्रांती लागते तिची सोय गाण्यातच केलेली असते.

नेवासे, शेवगाव, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यातल्या कुठल्याही गावच्या सप्ताहात सकाळच्या पारायणाला जाऊन बसावं. सात दिवसांत नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या संपवायच्या म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. व्यासपीठचालक पुढे, मागे वाचकांच्या ओळी, एकीकडे बाया, एकीकडे पुरुष. पहिल्या दिवशी सगळ्यांचे आवाज वेगळे कळतात. ज्यांची पोथी पाठ झाली आहे ते म्हातारे पान न बघता पुढे जातात. यंदाच वाचायला बसलेली सून ओवीखाली बोट ठेवून अर्धं अक्षर मागे असते. कुणी ‘ळ’ घशातून काढतं, कुणी ‘ण’चा ‘न’ करतं. पहिले तीन चरण हा सगळा गलबला चालतो आणि चौथ्यावर, आखूड चरणावर, सगळे एकदम येऊन पोचतात. मागे पडलेली सूनसुद्धा. मग क्षणभर काहीच नाही, नुसता शे-दीडशे माणसांचा श्वास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घसे बसलेले असतात, पण पोचणं चुकत नाही. अलीकडे व्यासपीठावर माइक आला आणि मंडपाच्या चारी कोपऱ्यांत भोंगे लागले. आता चालकाचा एकट्याचाच आवाज शिवारभर जातो आणि वाचकांचा त्यात बुडून जातो. गावाला पुण्य लागत असेल, पण ओवीची ती सामुदायिक उतरण ऐकायची असेल तर भोंग्यापासून लांब, वाचकांच्या ओळीतच जाऊन बसावं लागतं.

आता नववा अध्याय. त्याची सुरुवात मराठीतल्या वक्तृत्वाचा पहिला धडा म्हणून शिकवावी अशी आहे. वक्ता आल्याआल्या दावा करतो. तुम्ही एक अवधान द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल, ही माझी उघड प्रतिज्ञा आहे. दावा करून झाला की तो लगेच स्वतःलाच आवरतो. हे मी प्रौढीने बोलत नाही, तुम्ही सर्वज्ञ, माझी ही लाडकी विनंती आहे. मग कारण देतो, आणि ते सासरी गेलेल्या मुलीच्या तोंडी शोभेल असं आहे. तुमच्यासारखं श्रीमंत माहेर असल्यावर माझे लाड पुरतीलच की. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या किती संन्याशांनी, पंडितांनी श्रोत्यांना ‘माहेर’ म्हटलं असेल? इथे आवाज एकदम बदलतो. प्रतिज्ञेचा ताठ स्वर जातो, मुराळ्याची वाट बघणाऱ्या लेकीचा येतो, आणि हे सगळं जेमतेम दोन-चार ओव्यांत. पोथीवर नजर फिरवताना ते निसटतं. मोठ्याने वाचलं तर वाचणाऱ्याला आपला आवाज बदलावाच लागतो, नाहीतर ओव्या जिभेवर बसतच नाहीत.

याच ठिकाणी ज्ञानेश्वर बोलण्याविषयीचा आपला सगळा विचार एका दाखल्यात सांगून टाकतात. चंद्र उगवला की चंद्रकांत मण्याला पाझर फुटतो. पाझरतो मणी, पण ती करामत चंद्राची. तसाच वक्ता. श्रोत्यावाचून तो वक्ताच नव्हे. हे ऐकल्यावर आपल्याला वाटतं, झाली नम्रता, आता पुढे. पण वक्ता तिथे थांबत नाही, स्वतःच्या विनवणीचीच टर उडवतो. तांदळाने कधी जेवणाऱ्याला ‘मला गोड मानून घ्या’ म्हणून गळ घालावी काय? कळसूत्री बाहुल्यांनी सूत्रधाराची प्रार्थना करावी काय? म्हणजे विनंती करायची, तिचं कारण द्यायचं आणि मग ती करायची गरजच नव्हती हेही सांगायचं. हुशार मूल हट्ट करताना आपण हट्ट करतोय हे ओळखून हसतं, ते हसू या ओव्यांत आहे. यावर श्रीगुरूंचं, म्हणजे निवृत्तिनाथांचं, उत्तर येतं. तुझं सगळं आम्हाला पोचलं, आता नारायण काय म्हणाले ते सांग. थोडक्यात, पुरे, विषयावर ये. निवृत्तिनाथ आणि श्रोते असे अधूनमधून वक्त्याला विषयावर आणतात आणि वक्ता ते टोकणंही ग्रंथात ठेवतो. आपल्याकडच्या सभांमध्ये अध्यक्षांची घंटा इतिवृत्तात कुणी लिहीत नाही.

नववा अध्याय मागणीचा आवाज, तर सहावा दिमाखाचा. मराठी बोलाची अमृताशी पैज लावणारा प्रसिद्ध भाग इथलाच. तो शाळेच्या भिंतीवर रंगवून आपण त्याला गुळगुळीत करून टाकला. त्याच्या पुढच्या ओव्या क्वचितच कुणी वाचतं, आणि खरी मजा तिथे आहे. शब्द कानावर पडतात आणि बाकीची इंद्रियं भांडायला उठतात. कानांना जिभा फुटतात. जीभ म्हणते, रस हा माझा विषय, मग हा शब्द माझा. नाकाला वाटतं, यात तर सुगंध आहे. डोळे म्हणतात, आम्हाला रूपाचं भांडार उघडलंय. वाक्य पुरं झालं रे झालं की मन त्याला कवटाळायला बाहू पसरतं. आवाजाचं इतकं देहधारी वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. शब्द कानात शिरतो हे आपण सगळेच मानतो. तो शिरल्यावर शरीरात मालकीचा तंटा सुरू होतो, हे इथेच भेटतं.

आणि एवढा तंटा लावून दिल्यावर वक्ता काय सांगतो? हे रसाचं ताट मी निष्काम माणसांसाठी वाढलंय, आणि ते इंद्रियांना चाहूल न लागू देता जेवायचं आहे. कानांचा आधारही न घेता ऐकायचं. पहिल्या अध्यायात हेच निराळ्या तऱ्हेने आलेलं आहे. भुंगे पराग नेतात आणि कमळाच्या पाकळ्यांना पत्ता लागत नाही. चंद्र उगवला की कुमुदिनी जागच्या जागी राहून त्याला आलिंगन देते. तसा शब्दांवाचून संवाद करावा. सगळ्या इंद्रियांना आवतण द्यायचं आणि दारात आल्यावर ‘चपलांबरोबर तुम्हीही बाहेर थांबा’ म्हणायचं, असा हा प्रकार आहे. यात विसंगती दिसली तर तिच्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. ज्ञानेश्वरांना आवाजाचा मोह आहे आणि आवाजावर अविश्वासही आहे. दोन्ही एकाच माणसात, एकाच अध्यायात आहेत आणि दोन्ही मनापासून आहेत.

गीता ही मुळातच आवाजाची गोष्ट. कृष्ण अर्जुनाला सांगतो, ते संजय धृतराष्ट्राला सांगतो, आणि धृतराष्ट्र आंधळा. म्हणजे रणांगणावरचं विश्वरूपसुद्धा त्याला कानांनीच बघायचं आहे. या साखळीत ज्ञानेश्वरांनी आणखी एक कडी जोडली, सच्चिदानंदबाबांनी दुसरी, पारायणाचा वाचक तिसरी. साखळीतला सगळ्यात जवळचा श्रोता मात्र सगळ्यात वाईट आहे. नवव्या अध्यायाच्या शेवटी हा प्रसंग येतो आणि ज्ञानेश्वरांच्या विनोदबुद्धीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी तो वाचावा. भक्तीचं इतकं सांगून झालं आणि म्हातारा ढिम्म. पुराच्या पाण्यात रेडा निवांत बसून राहावा तसा. संजय मान हलवतो आणि मनात म्हणतो, अहो, इथे अमृताचा पाऊस पडला आणि हा इथे असून शेजारच्या गावाला गेल्यासारखा. नेवाशाच्या मंडपात या ओवीला नक्की हशा पिकला असेल. गावोगावच्या कीर्तनात पुढच्या ओळीत बसून डुलक्या काढणाऱ्या पुढाऱ्याकडे बघताना ही ओवी आठवतेच.

पण संजय पुढे बोलत नाही, हे जास्त बघण्यासारखं आहे. हा आपला अन्नदाता, याच्याविषयी वाईट बोलून वाणी कशाला विटाळायची, स्वभावच तसा, असं म्हणून तो जीभ आवरतो. मग त्याला आनंद होतो तो वेगळ्याच कारणाने. ऐकणारा कसाही असो, सांगण्याच्या निमित्ताने मला हे ऐकायला मिळालं. त्याच्या अंगावर रोमांच उठतात, डोळे पाझरतात, आठही सात्त्विक भाव दाटून येतात. चंद्रकांताचा दाखला इथे उलटा होतो. समोर चंद्र नाही, तरी मणी पाझरतो. अध्यायाच्या आरंभी श्रोत्यावाचून वक्ता नाही असं म्हटलं आणि शेवटी श्रोता नसलेला वक्ताही भरून पावतो हे दाखवलं. कारण संजय आपल्याच आवाजाचा श्रोता झाला होता. ज्या मास्तरांनी शेवटच्या बाकांकडे न बघता तीस वर्षं कविता शिकवली, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

रेड्यावरून आठवलं. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही कथा महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? परंपरेप्रमाणे त्यानंतरचा मुक्काम नेवाशाचा. ज्या मुलाच्या चरित्रात लोकांनी रेड्याला वाचा दिली, त्याने स्वतःच्या ग्रंथात रेड्याला न ऐकणाऱ्याचं उदाहरण करून ठेवलं. कथा आणि ग्रंथ एकमेकांशी बोलत नाहीत हे मला माहीत आहे, तरी दोन्ही रेडे शेजारी उभे करून बघण्याचा मोह होतो.

आणि आता तेरावा अध्याय. आवाजाच्या दृष्टीने ज्ञानेश्वरीतला सगळ्यात श्रीमंत भाग. गीतेत ज्ञानाची लक्षणं मोजताना ‘अहिंसा’ हा एक शब्द येतो आणि गीता पुढे जाते. ज्ञानेश्वर त्या एका शब्दापाशी बसकण मारतात. अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, त्याचे हात कसे, मन कसं, सगळं एकेक करून दाखवतात. जमिनीवर सूक्ष्म जीव असतील म्हणून तो पाऊल असं टाकतो, की पिलाला तोंडात धरणाऱ्या आईच्या दातांची टोकं जशी लागून न लागल्यासारखी. त्यानंतर येतं बोलणं.

इथला क्रम लक्ष देऊन बघावा. अशा माणसाचा आधी श्वासच हळुवार. मुख म्हणजे प्रेमाचं माहेर. तो तोंड उघडतो तेव्हा आधी स्नेह पाझरतो, मागून अक्षरं येतात. कृपा आधी, शब्द नंतर. एरवी आपण काय म्हणतो? शब्द बोलावेत आणि त्यांत गोडवा घालावा. इथे गोडवा शब्दांत घातलेला नाही, तो शब्दांच्या पुढे निघालेला आहे. घरी आलेल्या माणसाला आपल्या आईचा आवाज ओसरीवरून ऐकू येतो. काय म्हणाली ते कळत नाही, पण आपलं स्वागत आहे हे कळलेलं असतं. ज्ञानेश्वरांनी ते नेमकं पकडलं आहे.

पुढची ओवी याहून धारदार. हा माणूस मुळात बोलतच नाही. कारण बोलावं म्हटलं तर एकेक शंका. कुणाला लागेल का? कुणी दचकेल का? कुणाचं चाललेलं बोलणं मोडेल का? कुणाची भुवई वर जाईल का? अहिंसेचा विचार आपण मारहाणीपर्यंत नेऊन थांबवतो. तेराव्या शतकातला हा मुलगा ती मधेच बोलून दुसऱ्याचं वाक्य तोडण्यापर्यंत आणतो. दूरचित्रवाणीवरची रात्रीची चर्चा ऐकताना हे मोजमाप लावून बघावं, एकही पाहुणा आणि विशेषतः सूत्रसंचालक शिल्लक राहणार नाही.

मग कुणी फारच आर्जव केलं तर तो बोलतो, आणि ऐकणाऱ्यांना आईबाप भेटल्यासारखं होतं. त्या बोलण्याला दिलेल्या उपमा वर-वर चढत जातात. नादब्रह्मच आकाराला आलं. गंगेचं पाणी उसळलं. आणि मग तिसरी, जिच्यापाशी मी दर वेळी थांबतो. जणू पतिव्रतेला वार्धक्य आलं. नाद, गंगा आणि सुरकुतलेली म्हातारी! उपमा चढत होत्या, इथे तोल जातो की काय असं पहिल्यांदा वाटतं. पण डोळ्यांपुढे एखादी अशी आजी आणा, जिने आयुष्यभर एका घरासाठी खस्ता खाल्ल्या. तिच्या बोलण्यात दाखवायचं काही उरलेलं नसतं, मिळवायचंही नसतं. आवाज थरथरतो, पण त्यात डाव नसतो. पहिल्या दोन उपमा मोठ्या आहेत, तिसरी खरी आहे. पंधरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला म्हातारपणाच्या आवाजाचं हे मर्म कुठे सापडलं असेल? आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि ही भावंडं लहानपणीच पोरकी झाली, असं परंपरा सांगते. त्या मुलाच्या उपमांत आई, माहेर, म्हातारी, पिलू इतक्या वेळा का येतात, हे विचारण्याचा धीर मात्र टीकाकारांना क्वचित होतो.

त्यानंतर तो काय बोलत नाही याची यादी येते. विरोध, वादाचं बळ, जिवाला ताप देणारं बोलणं, उपहास, छळ, वर्मावर बोट, हट्ट, आवेश, कपट, फसवणूक. यादीची चाल आधीच्या ओव्यांहून वेगळी आहे. मघाशी शब्द सावकाश पाझरत होते, इथे ते एकामागून एक आदळतात, कारण आता कठोर बोलण्याचीच नावं घ्यायची आहेत. वक्त्याने मऊ बोलणं मऊ आवाजात सांगितलं आणि कठोर बोलणं खडखडत. पारायणात ही ओवी आली की वाचकांची लय दर वर्षी इथे अडखळते. त्यात वाचकांचा दोष नाही.

हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते लिहिलं गेलं म्हणून. लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो गप्प बसतो, अशी सॉक्रेटिसची तक्रार प्लेटोने लिहून ठेवली आहे, आणि लिहूनच ठेवली आहे. नगर जिल्ह्याच्या याच भागातला आणखी एक माणूस त्याच सुमाराला आवाज कागदावर उतरवण्यासाठी वणवण करत होता. सराळ्याचे म्हाइंभट. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन स्वामी कुठे काय म्हणाले हे त्यांनी गोळा केलं, आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. त्यात बाजारातलं, ओसरीवरचं, जेवणापंगतीतलं मराठी बोलणं आहे. आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही पाठ पोथ्यांत ठेवलेले आहेत. सच्चिदानंदबाबांना समोर वक्ता होता, म्हाइंभटांना वक्ता गेल्यावर त्याचा आवाज इतरांच्या कानांतून परत काढायचा होता. मराठी गद्य आणि पद्य या दोन्हींच्या मुळाशी असा एकेक लिहून घेणारा माणूस बसलेला आहे. सच्चिदानंदबाबांविषयी नेवाशात सांगतात की त्यांचा प्राण गेलेला होता, पत्नी सती निघाली होती, ज्ञानेश्वरांनी त्यांना उठवलं आणि मग ते लेखक झाले. कथा म्हणून ती मोठी चपखल आहे. बोललेलं टिकवणाऱ्या माणसाला आधी मरणातून परत आणावं लागलं.

आवाज मातीत राहत नाही. हसमुख सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला लाडमोड टेकडीवर उत्खनन केलं, तेव्हा हजारो वर्षांच्या वस्तीचे थर निघाले. मडकी, दगडी हत्यारं, पोराच्या गळ्यातले तांब्याचे मणी आणि त्यांच्या धाग्याचा अंशसुद्धा. त्या पोराला कुणी काय म्हणून हाक मारत होतं ते तेवढं निघालं नाही. ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले असं मानतात तो पैसाचा खांब मात्र आहे. मूळ देऊळ गेलं, खांब राहिला. त्याच्यावरचा लेख ज्ञानेश्वरीपूर्वीचा आहे आणि त्याचा विषय अगदी साधा, देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेलं दान. दुर्गाबाई भागवतांनी या खांबावर लिहिलं आणि त्या लेखाचं नाव त्यांच्या १९७० च्या पुस्तकाला मिळालं. ‘पैस’ला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

शब्दांवाचून संवाद ही पहिल्या अध्यायातली इच्छा याच जिल्ह्यात एकाने अक्षरशः अंगावर घेतली. नेवाशाहून दीडेक तासावर, नगर-दौंड रस्त्याला अरणगावजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी तिथे १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवला तोवर सोडलं नाही. आधी ते लिहून सांगत. मग १९२७ पासून अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून. ऑक्टोबर १९५४ मध्ये तीही बाजूला ठेवली आणि नुसत्या हाताच्या खुणा राहिल्या. जवळचा माणूस त्या खुणा मोठ्याने वाचून दाखवी. त्यांच्या मुख्य ग्रंथाचं नाव ‘गॉड स्पीक्स’ आहे, १९५५ चा. ज्याने तोंडातून शब्द काढला नाही त्याच्या पुस्तकाचं नाव देव बोलतो! भाविकाला यात गूढ दिसेल. मला त्यात दुसऱ्याच्या आवाजाची गरज दिसते. मौन धरणाऱ्यालाही शेजारी एक बोलणारा लागला, जसा बोलणाऱ्याला नेवाशात एक लिहिणारा लागला होता.

‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वरांनी शब्दाचा निकाल लावला, असं म्हणण्याची पद्धत आहे. शब्दखंडन नावाचं प्रकरणच आहे तिथे. पण खंडनाआधी त्यांनी शब्दाचा जो गौरव केला, तो सोडायच्या वस्तूचा कुणी करत नाही. शब्द हा विसरलेल्याची आठवण देणारा. शब्द हा आरसा, आणि तोही असा की बघणाऱ्याला तो दाखवतो यात नवल नाही, जो बघत नाही त्यालाही दाखवतो. इतकं म्हटल्यावर मग खंडन. निरोपाच्या वेळी माणूस फार कौतुक करतो, तसं ते वाटतं.

राहतं पसायदान. त्याचं पहिलं वाक्य नीट ऐकलं तर कळतं की ही वेतनाची मागणी आहे. वाग्यज्ञ झाला, आता यज्ञ करणाऱ्याला पसाय हवा. ग्रंथभर बोलण्याचे जे जे प्रकार केले, विनवणी, दिमाख, थट्टा, लाड, त्या सगळ्यांना इथे यज्ञ म्हटलं आहे. मागणी मात्र आपल्यासाठी नाही. खळांचा वाकडेपणा जावो, प्राण्यांत मैत्र पडो, ज्याला जे हवं ते मिळो. आवाज इथे सगळ्यांत सपाट आहे. लाडीगोडी संपलेली असते. इतके अध्याय श्रोत्यांना ‘ऐका हो, ऐका हो’ म्हणणारा आता त्यांच्याकडे न बघता वर बघून बोलतो.

आणि शेवटची ओवी त्याची नाही. विश्वेशराव म्हणतात, हे दान तुला मिळेल, आणि या वराने ज्ञानदेव सुखी झाला. इतका वेळ ज्याने कान मागितले, त्याला शेवटी ऐकणाऱ्याने तोंडाने उत्तर दिलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत परिपाठाच्या शेवटी पसायदान होतं. पोरं मधल्या ओव्या गुणगुणत, चाल ओढत म्हणतात. ही शेवटची ओवी मात्र एकदम मोठ्याने, खणखणीत, कारण ती संपली की खाली बसायला मिळतं.